मुद्रेवर पाय ठेवू नये

केटरिज विद्यापीठ दाखवायला जो मुलगा नेमला होता त्याचं नाव कोल्बी, आणि तो उलटा चालायचा. म्हणजे तोंड पाहुण्यांकडे, पाठ विद्यापीठाकडे. अंगात नारिंगी शर्ट, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि चेहऱ्यावर असं हसू की सकाळी कुणीतरी इस्त्री फिरवून बसवलं असावं. त्या मुलखात मोठ्या विद्यापीठाचा गाईड उलटाच चालतो. सरळ चालला तर आयांना वाटतं, याचं आपल्याकडे लक्षच नाही.

लिनेयाला काळजी होती ती मात्र आईच्या चालण्याची. चालण्याची म्हणजे डोकं चालवण्याची. डार्ला डालक्विस्ट, गावातल्या एकुलत्या एका केस कापायच्या दुकानाची मालकीण, पहाटे उठून मक्याच्या शेतांमधून गाडी हाकत इतक्या लांब आली होती ती विद्यापीठ बघायला नव्हे, विद्यापीठाला नापास करायला. घराजवळ एक लहानसं कॉलेज होतं. तिथं मावशी कचेरीत बसायची आणि मुलगी शिंकली तरी आईला कळवायची. आईच्या मते शिक्षण म्हणतात ते हेच.

"फिरून बघू," आईनं गाडीतच सांगून टाकलं होतं. "पटलं तर ठीक. नाही पटलं तर विषय संपला. मग तोंड पाडून बसायचं नाही."

आणि पटणार नव्हतंच, कारण मध्ये गाय होती.

लिनेया लहान असताना एकदा राज्याच्या जत्रेत हरवली होती. या जत्रेत दरवर्षी काचेच्या थंडगार खोलीत लोण्याची एक आख्खी गाय उभी करतात, शिंगं-शेपटीसकट. आईनं सगळी जत्रा पालथी घातली, भोंग्यावरून नाव पुकारलं, आणि शेवटी पोरगी सापडली त्या गायीसमोर, लिंबूसरबत पीत. "मी हरवले नव्हते," तिनं शांतपणे सांगितलं होतं. "मी गायीपाशीच होते. तूच कुठंतरी गेलीस." तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून डोक्याला रंग लावून खुर्चीत अडकलेल्या गावातल्या प्रत्येक बाईनं ही गोष्ट ऐकली होती, काहींनी तर दोनदा रंग लावला म्हणून दोनदा. मुलगी सतरा वर्षांची झाली, वादविवादात जिल्ह्यात पहिली आली, तरी गावात ती गायवालीच राहिली.

"जत्रेत एका गायीपाशी हरवलीस," आई आत्ताही म्हणाली, "इथं तर चाळीस हजार पोरं आहेत आणि गाय एकही नाही."

 लिनेयानं मागं वळून कोपऱ्यावरची इमारत बघून ठेवली. जत्रेनंतर तिला ही सवयच लागली होती: वळण आलं की मागं बघायचं, परतताना हे कसं दिसेल ते डोक्यात ठेवायचं. एवढ्या वर्षांत ती पुन्हा एकदाही हरवली नव्हती, पण न हरवलेल्या माणसाची गोष्ट कोण सांगत बसतो?

वरात निघाली. आईबाप पुढं, कोल्बीच्या तोंडाला तोंड देत. मुलं पाच पावलं मागं, या लोकांशी आपली ओळखदेख नाही असा चेहरा करून. प्रुइट नावाचे एक टोपीवाले गृहस्थ सगळ्यांच्या पुढं होते, आणि त्यांचा मुलगा सगळ्यांच्या मागं, कानात गाण्याचे बोळे घालून, मयताला आल्यासारखा.

"इथं आपले चारशे क्लब आहेत," कोल्बी उलट्या पावलांनी पायऱ्या चढत म्हणाला. अडखळला नाही, लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. "चीज खाणाऱ्यांचा आहे, खारींना खाऊ घालणाऱ्यांचा आहे. मनासारखा नसेल तर तीन मित्र जमवा आणि नवीन काढा."

"आणि मित्रच नसतील तर?" आईनं विचारलं.

"फार छान प्रश्न, मॅडम. त्याचाही क्लब आहे."

"हे निळ्या दिव्यांचे खांब कसले?"

"अडचण आली की बटण दाबायचं. पहारेकरी हजर."

"एवढे खांब लागतात म्हणजे एवढ्या अडचणी येतात का?"

"फार छान प्रश्न," कोल्बी म्हणाला, आणि पुढं निघाला. म्हणजे मागं निघाला.

इमारतींना देणगीदारांची नावं होती. बाकांना होती, झाडांना होती, पाणी प्यायच्या नळालासुद्धा एका दिवंगत दाम्पत्याचं नाव होतं. प्रुइटांनी मोटारी कुठं लावायच्या ते विचारलं, मग फुटबॉलच्या मैदानाजवळ कुठं लावायच्या ते विचारलं. शिकवतात कुठं, हे कुणीच विचारलं नाही.

"मी हरवले आणि रात्री जेवायला नाही गेले, तर कुणाला कळेल, असं विचार की," लिनेया आईच्या कानाशी लागून म्हणाली. टोमणाच होता तो.

"ते राखून ठेवलंय," आई म्हणाली. "शेवटी विचारणार आहे." आणि आपली पर्स लेकीच्या गळ्यात अडकवली. "धर ही. चालून चालून माझा गुडघा बोलायला लागला."

ग्रंथालयासमोरच्या मोठ्या चौकात कोल्बी थांबला. फरशीत मधोमध ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाएवढी पितळी मुद्रा बसवली होती. वर घुबड, मशाल आणि लॅटिन अक्षरं. भोवती पोरांची ही गर्दी वाहत होती, पण मुद्रेवर एक पाऊल पडत नव्हतं. नदीत खडक असावा तसं पाणी दोन्ही बाजूंनी फुटून जात होतं.

"ही विद्यापीठाची मुद्रा," कोल्बीचा आवाज खाली उतरला. "पदवी हातात पडायच्या आधी जो हिच्यावर पाय ठेवेल त्याला ती कधीच मिळत नाही."

"तू काय शिकतोस म्हणालास?" आईनं विचारलं.

"संख्याशास्त्र."

"आणि तुझा यावर विश्वास आहे."

"मॅडम, माझ्या वसतिगृहातल्या एकानं पाय ठेवला होता. तो नापास झाला."

"वर्गात जायचा का तो?"

"नाही. पण मुद्दा तो नाही." कोल्बीनं हात पसरले. "आमचे प्राध्यापकसुद्धा वळसा घालतात. तर्कशास्त्राचे तर फार लांबून जातात. येत्या शनिवारी माझा पदवीदान समारंभ आहे. आईवडील येणार आहेत, आजोबा येणार आहेत. तेव्हा मी हिच्यावर उभा राहून फोटो काढणार. त्याआधी कुणी मला सोन्याची—"

"आणि चुकून पडला तर?" आई म्हणाली, आणि खुणेनं दाखवायला एक पाऊल पुढं आली.

गाईडचा नियम असा की पाहुणा पुढं आला की आपण मागं सरायचं. कोल्बी तीन वर्षं हा नियम पाळत आला होता. तो मागं सरला. एक पाऊल, मग सवयीनं दुसरं.

चौकातली वर्दळ थांबली. कुणाच्या तरी हातातली कॉफी सांडली. कोल्बीनं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पांढरे बूट घुबडाच्या तोंडावर होते.

इस्त्री केलेलं हसू चेहऱ्यावरून असं उतरलं की खालचा मुलगा पहिल्यांदाच दिसला. विशीतला, घाबरलेला, दाढी नीट न जमलेली.

"उपाय असेल ना काही?" लिनेयानं विचारलं.

"हंस," तो पुटपुटला. "तळ्याकाठी काशाचा हंस आहे. घंटाघराचे पुढचे टोले पडायच्या आत त्याची चोच घासली तर... तर धुऊन निघतं."

सगळ्यांनी घड्याळं पाहिली. मग कोल्बी पहिल्यांदा पाहुण्यांकडे पाठ करून पळत सुटला. मंडळींना सुरुवातीलाच बजावलं होतं की गट सोडायचा नाही, म्हणून मंडळीही पळाली. प्रुइट टोपी धरून पळत म्हणाले, "बाकीच्या विद्यापीठांत असलं काही दाखवत नाहीत हं."

विज्ञानाच्या इमारतींपाशी रस्त्याला तीन फाटे फुटले आणि कोल्बी खांबासारखा उभा राहिला.

"काय झालं?"

"हे असं दिसत नाही," तो म्हणाला. "मी इकडं उलटाच येतो. दरवेळी. जाताना बघितलंच नाही कधी."

"अरे पण वर्गाला जाताना?"

"माझे वर्ग ऑनलाइन असतात. मी खोलीतच बसतो." तो रडायच्या बेतात होता. "बाहेर पडतो तो हे दाखवायलाच."

तीन वर्षं या मुलानं हजारो लोकांना विद्यापीठ दाखवलं होतं आणि स्वतःला दाखवायचं राहून गेलं होतं. लिनेयाला हसू आलं, पण ते हसायला वेळ नव्हता. तिनं रस्त्यांकडे पाहिलं. डावा स्वच्छ. मधला स्वच्छ. उजव्यावर हिरवट-करड्या लेंड्या पडल्या होत्या, बोटाएवढ्या, आणि पुढं पुढं दाट होत गेलेल्या. तिच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. जिवंत हंस जिथं जास्त हगतात तिथं पाणी असतं.

"इकडून," ती म्हणाली आणि पुढं झाली.

घाणीचा माग काढत सगळे निघाले, आणि माहितीपत्रकात नसलेलं विद्यापीठ समोर यायला लागलं. एका प्रयोगशाळेच्या छतातून पाणी गळत होतं, खाली सात रंगांच्या बादल्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत एक बाई फळ्यावर काहीतरी इतक्या आवेशानं लिहीत होती की लिनेयाचे पाय क्षणभर अडले. एका जिन्यावर पाच जणी भांडत होत्या, आणि भांडण कशावरून, तर एका ताऱ्याच्या वयावरून. एक मुलगा कपडे धुवायच्या मशिनवर बसून झोपला होता, मांडीवर उघडं पुस्तक. प्रुइटांच्या मुलानं कानातला एक बोळा काढला. लिनेया मात्र वळणावळणावर मागं बघत होती, आणि तिला वाटत होतं, इथंच. हेच हवं मला, गळकं छत धरून.

तळं आलं. काशाच्या हंसाची चोच घासून घासून सोन्यासारखी झाली होती. कोल्बी तिला लटकला, आणि तो लटकलेला असतानाच टोले पडायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संख्याशास्त्राच्या होऊ घातलेल्या पदवीधरानं डोळे पुसले.

"आई, बघ तरी," म्हणत लिनेया वळली.

आई नव्हती. पर्स लिनेयाच्या गळ्यात होती, आणि पर्समध्ये आईचा फोन.

 विषय संपला, तिला वाटलं. आता गावातली एकेक बाई रंग लावून बसेल आणि ऐकेल, कसं लेकीनं आईला चाळीस हजारांत सोडून दिलं.

"निळं बटण दाबू का?" कोल्बीनं विचारलं. "आजवर कुणी दाबलेलं बघितलं नाही मी."

"तू तुझं हसू परत लाव," लिनेया म्हणाली, "आणि या लोकांना जेवायला ने. मी आणते आईला."

ती उलट निघाली. मशिनवरचा मुलगा. मशिनवरचा मुलगा. सात बादल्या. तीन फाट्यांवरून डावीकडं. वाटेत ती एकदाही थांबली नाही, कारण प्रत्येक वळण तिनं परतीच्या तोंडानं बघून ठेवलं होतं.

ग्रंथालयाच्या चौकात वर्ग सुटले होते. हजारो पोरं, सायकली, पाठीवर दप्तरं. आणि त्या लोंढ्याच्या ऐन मधोमध, मोकळ्या गोलात, पितळी घुबडाच्या डोक्यावर दोन्ही पाय रोवून डार्ला डालक्विस्ट उभी होती. हाताची घडी, दुखरा गुडघा जरा वाकवलेला. गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी फुटून जात होती, आणि काही पोरं तिच्याकडं, देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"आई, तू हरवलीस."

"मी कुठं हरवले," आई म्हणाली. "मी इथंच उभी आहे. तुम्हीच सगळे पळालात." बोलता बोलता ती थांबली. हे वाक्य आपण आधी कुठंतरी ऐकलंय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

 सरबत असतं तर लिनेयानं एक घोट घेतला असता.

"इथं कुणी पाय ठेवत नाही ना," आई जरा घुटमळत म्हणाली, "म्हटलं, धक्का लागणार नाही. आणि तुला लांबून दिसेन." मग इकडंतिकडं पाहून, "तू आलीस कशी? तो उलटा पोरगा कुठाय?"

"मीच आले. त्याला रस्ता माहीत नाही."

"आणि आपली गाडी?"

"ग्रंथालयाच्या मागनं, त्या नावाच्या नळापाशी डावीकडं, मग सरळ."

आईनं तिच्याकडं बघितलं, दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की बघायची तसं. राखून ठेवलेला प्रश्न तिनं विचारला नाही.

"गुडघा धरलाय," ती म्हणाली. "हात दे."

लिनेया हात पुढं करून धावली.

"थांब. आहे तिथंच थांब," आईनं इतक्या जोरात दटावलं की दोन सायकली थबकल्या. "पाय टाकशील तर खबरदार. मला काय, मला कुठं पदवी घ्यायचीय." आणि ती स्वतःच लंगडत, घुबडाच्या पंखावरून, मशालीवरून, लॅटिनवरून चालत काठावर आली आणि लेकीला कोपरानं आणखी दोन पावलं मागं ढकललं.