सेट पडला

'सेट' या एका शब्दाने मिस्त्रींच्या घरात जेवढे घोळ घातले, तेवढे कुठल्या पाहुण्यानेही घातले नसतील.

मिस्त्री म्हणजे गवंडी, उभा जन्म भिंती बांधण्यात गेलेला माणूस. त्यांच्या लेखी सेट व्हायचं ते सिमेंटने. "घाई करू नका, आधी सेट होऊ द्या," हे त्यांनी इतक्या घरमालकांना सुनावलं होतं की झोपेतसुद्धा तेच बरळायचे. बायकोचं केस कापायचं छोटंसं दुकान होतं, तिथे सेट व्हायचे ते बायकांचे केस. आणि मेहुणे घरी आले की त्यांचा तिसराच सेट. "काय भाऊजी, लेक सेट झाली का?" म्हणजे नोकरी, लग्न, घर, सगळं एका दमात विचारून मोकळे.

लेक मात्र चौथ्याच सेटच्या नादी लागली होती. ती नाटकांचे सेट बनवायची.

एकदाच मिस्त्री तिच्या कामाच्या जागी गेले होते. तिथे एक भिंत उभी होती. सवयीने त्यांनी तिच्यावर टिचकी मारली, तर ती डफासारखी वाजली. मागे जाऊन बघतात तो काय, लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं कापड.

"पोरी, ही भिंत म्हणायची की पडदा?"

लेक हसली. मिस्त्री हसले नाहीत. बाप भिंती बांधतो आणि लेक भिंतींची सोंगं करते, हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नाही. पण मेहुण्यांनी विचारलं की "चाललंय तिचं काहीतरी" एवढंच पुटपुटायचे आणि चहाचा कप तोंडाला लावायचे.

एका शनिवारी सकाळी फोन वाजला. आई दुकानाला निघाली होती, तिनेच उचलला.

"आई, सेट पडला गं!"

"अगं बाई! निळ्या फुलांचा? किती कप फुटले?"

"कप नाही, आई! नाटकाचा सेट. टेम्पोतून उतरवताना दोरी सुटली आणि मोठी भिंत उभी फाटली. उद्या दुपारी पहिला प्रयोग आहे. बाबा आहेत का? दे ना त्यांना."

मिस्त्रींनी फोन कानाला लावला. लेकीने पाल्हाळ लावलं नाही. "बाबा, माझा रंगारी तापाने फणफणलाय. तुमचा हात हवाय."

अशी ती कधी काही मागायची नाही. मिस्त्रींनी थैलीत थापी, गिलाव्याचा रंधा, ओळंबा टाकला आणि ते निघाले.

नाट्यगृहाच्या रंगमंचावर नुसती धांदल होती. कुणी दरवाजा घेऊन उभा, कुणी खिडकी. जो तो एकच विचारत होता, "ताई, हे कुठे?" आणि ताई मान वर न करता सांगत होती. ही ताई म्हणजे आपलीच पोरगी, हे ध्यानात यायला मिस्त्रींना अंमळ वेळच लागला. घरी दोनदा हाक मारल्याशिवाय न उठणारी पोर इथे एका शब्दात धिप्पाड बाप्यांना हलवत होती.

फाटलेल्या भिंतीची चौकट तिने जोडून घेतली होती, नवं कापडही ताणलं होतं. "बाबा, यावर गिलावा हवा. खरा नको, खरा वाटणारा."

"खराच लावतो की! पातळ हात मारतो सिमेंटचा."

"दुसऱ्या अंकाआधी दोन माणसं ही भिंत अंधारात उचलून फिरवतात. तुमचा गिलावा लावला तर भिंत टिकेल, पण माणसं टिकायची नाहीत."

मग तिने स्वतःचा माल कालवला. लाकडाचा बारीक भुसा, सरस आणि थोडी खडूची पूड. मिस्त्रींनी तो चिमटीत घेऊन चोळून पाहिला, वास घेतला.

"सेट व्हायला किती वेळ लागेल हो, बाबा?"

"कोण? सेट?"

"हो, सेट सेट व्हायला!"

दोघंही खो-खो हसले. मग मिस्त्रींनी कबूल केलं, "मला काय विचारतेस? माल तुझा. तूच सांग." भिंतीच्या बाबतीत दुसऱ्याला 'तूच सांग' म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"पंखे लावले की तासाभरात वाळेल," ती म्हणाली.

मिस्त्री कामाला भिडले. भुशाचा माल हाताला नवखा होता, सुरुवातीला थापीला चिकटत होता; पण हात बसल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दुपार कलेपर्यंत भिंत वाळून आरशासारखी झाली. त्यांनी लेकीला हाक मारली आणि कमरेवर हात ठेवून बाजूला उभे राहिले.

तिने भिंतीवरून तळवा फिरवला. "काय हात आहे, बाबा, तुमचा!" मग जराशी थांबली. "पण ही नाही चालणार."

आजूबाजूची ठोकाठोक थांबली.

"का नाही चालणार? ओळंबा लावून बघ. सुताइतका फरक निघाला तर नाव बदलीन!"

"फरक नाहीच निघणार. पण ही भिंत नवीकोरी आहे. नाटकातलं कुटुंब या खोलीत दोन पिढ्या राहिलंय. दिव्याच्या बटणाजवळ हात लागून लागून काळं झालेलं असणार, टेबलाची कड घासून ओरखडे पडलेले असणार. ही तर काल बांधलेल्या घराची भिंत वाटते."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "उभ्या आयुष्यात माझं काम मला कुणी परत करायला लावलं नाही," एवढं बोलून ते बाहेर गेले आणि पायरीवर बसले.

रागाचा पारा उतरायला एक चहा पुरला. मग विचार सुरू झाला. खरंच की. गिलावा सुकला, चावी मालकाच्या हातात दिली, की आपण दुसऱ्या कामावर. त्या भिंतींमध्ये माणसं राहिली, भांडली, म्हातारी झाली; ते बघायला आपण कधी परत गेलो? आपल्याला भिंत ठाऊक ती कोरीच. माणसं राहून गेल्यावर ती कशी होते, हे आपल्या लेकीने बघून ठेवलंय. दुसऱ्यांच्या घरी जाऊन बारकाईने बघितलं असेल पोरीने. आपण मात्र तिच्या कामाला मनातल्या मनात सोंग म्हणत बसलो.

ते उठून आत आले. लेक त्यांच्याकडे न बघता रंग कालवत होती; तिचे डोळे लाल दिसले.

"आपल्या घरी माझ्या खुर्चीमागे डाग पडलाय, तेलकट डोक्याचा," मिस्त्री म्हणाले. "तुझी आई रोज त्यावरून बोलते. तसला इथे लागेल का?"

लेकीने वर बघितलं. "लागेल की! पण किती उंचीवर?"

मिस्त्रींनी खुर्ची ओढली, भिंतीला पाठ लावून ऐसपैस बसले आणि डोकं मागे टेकवलं. "कर खूण."

तिने खडूने खूण केली. मग बापलेकीने ती सुंदर भिंत मिळून जुनी केली. ती सांगायची आणि मिस्त्री घासायचे, खरवडायचे, तळहाताला काजळी लावून बटणाभोवती टेकवायचे. "इथे जास्त झालं, बाबा, पुसा," असं ती म्हणाली तर ते निमूट पुसायचे.

रविवारी दुपारी मिस्त्री, आई आणि मेहुणे मधल्या रांगेत बसले. घंटा झाली, अंधार झाला, पडदा सरकला. रंगमंचावर चिटपाखरू नव्हतं. फक्त एक खोली, खिडकीतून आत आलेलं ऊन आणि उन्हात ती भिंत. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं नाट्यगृह टाळ्यांनी दुमदुमलं.

"कोण आलं? मला कुणी दिसत नाहीये," आई कुजबुजली.

"कुणी नाही आलं. टाळ्या भिंतीला आहेत," मिस्त्री म्हणाले. एवढ्या भिंती बांधल्या, पण भिंतीला टाळ्या पडताना ते पहिल्यांदाच ऐकत होते.

मेहुणे पुढे झुकले. "अगदी खरं घर वाटतं हो!"

"घर नाही, सेट आहे! माझ्या लेकीने केलाय!" मिस्त्री इतक्या मोठ्याने बोलले की पुढच्या दोन रांगा वळल्या आणि कुणीतरी "शू" केलं. मिस्त्रींना त्या 'शू'चंसुद्धा कौतुक वाटलं. आईने डोळे पुसता पुसता त्यांचा हात दाबला.

प्रयोग संपला. माणसं बाहेर पडताच मिस्त्री लगबगीने रंगमंचावर गेले, तर तिथे खोलीची मोडतोड चाललेली. खिडकी कधीच निघाली होती.

"अगं, पाडताय काय?"

"पाडत नाही, बाबा, उतरवतोय. पुढच्या प्रयोगाला दुसऱ्या गावी जायचंय ना!"

मिस्त्री बघत राहिले. त्यांची बांधलेली घरं जिथल्या तिथे उभी होती. लेकीचं घर आता गावोगाव जाणार होतं आणि जाईल तिथे लोक त्याच्याकडे बघणार होते. ते पुढे झाले आणि त्यांनी मोठ्या भिंतीचं एक टोक धरलं.

दुसरं टोक लेकीने उचललं. भिंत फुलासारखी वर आली, पण मिस्त्रींची पाठ जुन्या सवयीने वाकलीच.

"बाबा, वाकू नका," ती पलीकडून म्हणाली. "वजन काहीच नाही. ताठ चाला."

आणि मिस्त्री ताठ चालत निघाले.