एव्हर्टनचा बेस

"क्लाईव्ह आला की त्याला आत घे," इरावतीने साराला सांगितलं. "आणि पुढची खुर्ची दे. सगळ्यांना दिसला पाहिजे."

"आई, तू त्याला खरंच गाऊ देणार?"

"देणार म्हणजे? आग्रह करणार."

लंडनच्या क्रॉयडन भागातल्या त्या घरात इरावतीच्या नवऱ्याचा, एव्हर्टनचा नववा दिवस होता. मेलेल्याला नवव्या दिवशी गाऊन, जेवून निरोप द्यायचा, ही त्याच्या जमैकाची रीत. तेरावा तिच्या रीतीने व्हायचाच होता. संसारच दोन रीतींचा, मग मरण का नको?

क्लाईव्ह आला तो टोपी मिरवत, मागे व्हिडिओ काढणारी पोरगी घेऊन. याच बैठकीच्या खोलीत एव्हर्टन आणि क्लाईव्हसह चौघांनी रेगे संगीताचा बँड उभा केला होता. पुढे एव्हर्टनचा हात मोडला, तेव्हा क्लाईव्हने बँडचं नाव गुपचूप आपल्या नावावर नोंदवलं आणि भाड्याची माणसं घेऊन जगभर हिंडला. एव्हर्टनने ट्राम चालवली. क्लाईव्हबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. ते काम इरावतीने दोघांच्या वाटचं केलं.

"सिस्टर, माझा भाऊ गेला," क्लाईव्ह म्हणाला.

"भाऊ होता म्हणून तर भाऊबंदकी केलीस. गा आता."

ड्रमवाल्या बर्टीला तिने सकाळीच बजावलं होतं, "तुम्ही वाजवा. पण एव्हर्टनच्या बेस गिटारला कोणी हात लावायचा नाही." क्लाईव्हला गाण्याची सुरुवात कधीच सापडत नसे. एव्हर्टन बेसवर सूर ओढून मान हलवायचा, तेव्हा कुठे हा तोंड उघडायचा. स्वयंपाकघरातून तिने ते शेकडो वेळा पाहिलं होतं.

बर्टीने ताल धरला. क्लाईव्ह चुकला. हसला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्याची नजर आपसूक कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली. तिथे हार घातलेला बेस टेकवून ठेवला होता.

"थांबलास का रे?" इरावतीचा आवाज खणखणीत. "नाव तुझ्याकडे आहे ना? मग विचार त्या नावाला, कुठून सुरू करायचं ते."

कोणी हसलं नाही. पोरीने कॅमेरा खाली घेतला. क्लाईव्हने टोपी काढली आणि मटकन बसला. इरावतीने स्वतः त्याच्या हातात बोकडाच्या रश्श्याची प्लेट दिली.

"जेव. दारातून उपाशी पाठवायला मी काही तू नव्हे."

मग ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर बर्टी अजून वाजवतच होता. एव्हर्टन बेस वाजवायचा तेव्हा कपाटातले कप किणकिणायचे आणि ती ओरडायची, "फुटतील मेले!" आज कप गप्प होते.

तिने कपाट उघडलं. दोन कप एकमेकांना लागतील इतके जवळ सरकवले, आणि कान देऊन उभी राहिली.