मोहाकडची बाजू

पिंपळनेरहून येणारी एसटी जिथून मागे फिरते, त्याच्याही पुढचा हा पाडा. इथला डोंगर चार वर्षांपूर्वी तव्यासारखा उघडा होता. सुनिताने घरोघर जाऊन बायका गोळा केल्या, त्यांनी पुरुषांना बैठकीला बसवलं, आणि डोंगरावर गुरं सोडायची नाहीत असं ठरलं. बायकांनी दगडांचे बांध घातले, बिया टोकल्या. पाळीपाळीने राखण सुरू झाली. पगार कुणालाच नव्हता. गवत आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, यंदा कमरेएवढं झालं. खालचा झरा होळीपर्यंत वाहिला. पाड्यातल्या भुराच्या गायी तेवढ्या दूरच्या माळावर जाऊन अर्धपोटी परत येत, आणि भुरा ते रोज ऐकवी.

थंडी सरताना सगळ्यांनी मिळून जाळरेषा काढली. गवताचा रुंद पट्टा खरवडून जमीन मोकळी करायची, म्हणजे आलेला वणवा तिथे अडतो. रस्त्याकडून काढली, शेजारच्या गावाकडून काढली, वरच्या जंगलाकडून काढली. पाड्याकडची, मोहाच्या झाडाजवळची बाजू राहिली.

"तिकडून कोण पेटवणार आहे? आपलीच तर माणसं," सुनिता म्हणाली होती. सगळे दमले होते. कुदळी खाली ठेवायला तेवढं पुरलं.

तो मोह तिच्या सासूचा, चमेलीबाईचा. फुलं गळू लागली की खालचा पाचोळा जाळावा लागतो. नाहीतर फुलं दिसत नाहीत आणि विंचूही दिसत नाही. चमेलीबाईने संध्याकाळी पाचोळा पेटवला, ओल्या डहाळीने झोडपून विझवला आणि पहाटे काळ्या जमिनीवरची फुलं वेचून आणली. एका वाळक्या खुंटात विस्तव राहिला होता. दुपारी वारा सुटला.

शेजारची उषा ओरडत आली तेव्हा सुनिता चुलीपाशी होती. पळसाच्या डहाळ्या घेऊन सगळ्याजणी वर धावल्या. सुरुवातीला आग पायाखाली तुडवण्याएवढी होती. एकीकडे विझवली की दुसरीकडे उठे. मग ती उंच गवतात शिरली, आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. वनरक्षकाला फोन करायचा, तर रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर येई, आणि माथा पेटला होता.

"उषा, मागे ये! सोड ते!" सुनिताने तिचा पदर धरून तिला ओढलं. उषाच्या हातातल्या डहाळीची नुसती काडी उरली होती.

मग पाहत उभं राहण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. आग शेजारच्या गावाकडच्या जाळरेषेपर्यंत गेली आणि तिथे निमूट थांबली. रेषा चोख निघाली होती. पलीकडचं गवत शाबूत राहिलं.

संध्याकाळी बैठक बसली. पाड्यातले वडीलधारे सुकलाल आबा यांनी विचारलं, "कोनी पेटाडं?"

कुणी काही म्हणायच्या आत चमेलीबाई उभी राहिली. "मी. दरसाल लावस. आजलोंग कधी गया का वर?"

"वर बळाले व्हतं काय, अक्का?" आबा म्हणाले. "दगडं?"

इतकी वर्षं आग वर गेली नाही, कारण वर काहीच नव्हतं. ते गवत सुनितानेच वाढवलं होतं.

भुरा म्हणाला, "आमनी होळी एक दिन, सुनिताबाईनी होळी चार सालनी. आते नवी फूट येई. मन्या गायीसले तरी खाऊ द्या."

आबा सुनिताकडे वळले. "तू बोल, बाई. तू म्हनशी तर अजून राखू."

सगळे तिच्याकडे बघत होते. अजून राखू म्हणायचं, तर आधी स्वतःच्या सासूला सांगायला हवं होतं की मोहाखाली पेटवू नको. त्या फुलांवर घरातलं मीठ-तेल चालत होतं, आणि सुनिता रोज त्यातच रांधत होती. सासू गुन्हेगार नव्हती. राहिलेली रेषा सुनिताची होती. ती पदरावरची राख झटकत बसली.

आबांनी टोपी घातली. "सोडा तं मग गुरं," ते म्हणाले.

काळ्या डोंगरावर हिरवे ठिपके दिसू लागले, त्या सकाळी राखणीची पाळी सुनिताची होती. आता पाळी उरली नव्हती, तरी ती सवयीने काठी घेऊन वाटेवर जाऊन उभी राहिली. खाली चमेलीबाई अंगणात फुलं वाळत घालत होती. भुराच्या गायी चढून आल्या. पहिली गाय काठी बघून थबकली. चार वर्षं ती याच जागेवरून परत गेली होती.

"सर वं बाजूले," भुरा म्हणाला. त्याच्या आवाजात आज टोमणा नव्हता.

सुनिता बाजूला झाली. गाय पुढे गेली, मान खाली घातली आणि एका ठिपक्याला ओढ दिली. गवताचा ठोंब जळून सैल झाला होता. कोवळी फूट मुळासकट वर आली. गायीने मान झटकून माती पाडली आणि पुढच्या ठिपक्याकडे वळली.