कापलेली ओंजळ

गावकुसाबाहेरची गुणाबाई रोजच्यासारखी पाटलाच्या विहिरीपासून लांब, घागर पुढ्यात घेऊन बसली होती. कुणा बाईला दया आली तर ती वरून ओतायची, नाही तर नाल्यातला झिरा होताच. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता म्हणे; पण या गावची वाट त्याला कोण दाखवणार?

त्या दिवशी जीपमधून मुंबईचे सिनेमावाले आले, गावातली शिवाशीव संपली हे दाखवणारा सरकारी सिनेमा काढायला. त्यांचे साहेब म्हणाले, "नट नको, रंगरंगोटी नको. खरी बाई, खरी विहीर. मगच लोकांचा विश्वास बसतो." नानाजी पाटलांनी हसत हसत घरचा दोर काढून दिला.

"बाई, कॅमेऱ्याकडे बघू नका. रोजच्यासारखं पाणी भरा."

रोजच्यासारखं! अहो, तिनं जन्मात विहिरीचा दोर धरला नव्हता. हात थरथरले, बादली काठावर आपटली, पदर भिजला. साहेब खूश. "वा! हे शिकवून येत नाही."

बादली वर आली. सवयीनं गुणाबाई विहिरीच्या ओट्याच्या पायऱ्या उतरली आणि खाली उकिडवी बसून तिनं ओंजळ पुढं केली, कुणीतरी ओतेल म्हणून.

"एवढं कापून टाका," साहेब म्हणाले.

जीप गेली आणि पाटलांनी तो दोर जाळला. विहिरीत गोमूत्र शिंपडलं. "फोटो झाला ना तुहा? आता इकडं फिरकशीन तं याद राख!"

उन्हाळ्यात झिऱ्याचं गढूळ पाणी पिऊन तिच्या लेकीला, रंभाला, हगवण लागली. गुणाबाईनं तालुक्याला, चामोर्शीची कचेरी गाठली. "सायेब, मले इहिरीवर भरू नाई देत. पोरगी मरून राह्यली माही."

अधिकारी वैतागला. "खोटं का बोलता? सिनेमात मी स्वतः पाहिलंय तुम्हाला पाणी भरताना. आज बाजारात दाखवताहेत, जा, बघा."

पांढऱ्या कापडावर तीच होती. तोच भिजलेला पदर, तेच हात. बादली वर आली, आणि लगेच हसरी पोरं, मग झेंडा. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"मी खाली बसली होती ना! ओंजळ धरली होती! थे कुठी गेलं?" गुणाबाई ओरडली.

"काऊन बोंबलतेस, बाई? तूच तं दिसून राह्यली," शेजारचा म्हणाला. "फोटो का खोटा राह्यते?"

ती घरी पोचली तेव्हा रंभा गेली होती. उशाशी घागर कोरडी होती.

तो सिनेमा अजून गावोगाव फिरतो आहे. ते थरथरते हात पाहून शहरातल्या बायका डोळे पुसतात, म्हणतात, केवढा आनंद झालाय बिचारीला! तुम्हीही वाजवल्या असतील टाळ्या.