अंगाचा वास

"हुंग. नीट हुंग," मामा कॉलर पुढे करत म्हणाले.

मामींनी त्यांच्या मानेपाशी नाक नेलं. "अहो, काही नाही. शप्पथ, काहीच नाही!"

मामा खूश होऊन हसले. कोंबडीखाद्याच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म मिक्सरवर काढला होता. वाळक्या माशांची भुकटी पोतीच्या पोती त्यात ओतली होती. जन्मात कधी मासा तोंडात घातला नाही, पण बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी. अंग सोलून निघेपर्यंत साबण लावला तरी वास ढिम्म हलायचा नाही. लेकीने तर बाळंतपणानंतर सरळच सांगितलं होतं, "बाबा, बाळाला वास सोसत नाही. थोडा मोठा होऊ दे." बाळ मोठं झालं, चालायला लागलं, बोलायलाही लागलं. मामी जाऊन यायच्या. मामांनी नातू फोटोतच पाहिला.

मग मासळी मिळेनाशी झाली आणि मालकाने टाक्यांत वाढवलेलं बारीक शेवाळ आणलं. त्याची हिरवी पूड.

"प्रथिनं तेवढीच मिळतात, मामा," साहेब म्हणाले.

"कोंबड्या काय गाई आहेत का, हिरवं खायला?" मामांनी तोंडावर विचारलं. पण कोंबड्यांनी दाणा न दाणा टिपला. अंड्यांतला बलक केशरी झाला, मामांचे तळवे हिरवे झाले, आणि वास हळूहळू गेला. त्या शेवाळाला मामा मनोमन हात जोडत.

रविवारी मामींनी खाऊचा डबा भरून दिला. "आधी फोन करू का?"

"नको. चकित होऊ दे तिला."

दार लेकीनेच उघडलं. आत पाहुण्यांचा हास्यविनोद चालला होता. बापाला बघून तिचा चेहरा पडला. "बाबा, फोन तरी करायचा!"

"वास गेला गं पोरी! कारखान्यात आता मासळीच नाही."

"हळू बोला ना."

एवढ्यात नातू दुडुदुडु धावत आला आणि त्यांच्या पायाला बिलगला. नाक मुरडणं नाही, काही नाही. मामा त्याला उचलायला वाकले.

"कोण आलंय गं?" आतून कुणीतरी विचारलं.

लेकीने झटकन मुलाला कडेवर घेतलं. "कुणी नाही. आईने डबा पाठवलाय, तो द्यायला आलेत."

मामा वाकलेले होते, ते सरळ उभे राहिले. इतकी वर्षं ते उगाच स्वतःच्या कातडीला शिव्या देत होते. हिला वासाची नव्हे, बापाचीच लाज वाटत होती.

त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "येतो, ताई," आतल्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. लेकीने मान खाली घातली, पण थांबा म्हणाली नाही.

घरी मामी दारातच उभ्या होत्या. "घेतलंत का उचलून? काय म्हणाला?"

मामांनी चपला काढल्या. "अजून येतो म्हणाली."

"काय येतो?"

"वास."

"अहो, पण मला तर..."

"तुझं नाक सरावलंय. इतक्या वर्षांचा मुरलेला, इतक्यात कसा जाईल?"

मामी हिरमुसल्या. "जाईल हो हळूहळू. पुढच्या महिन्यात जा."

"बघू," मामा म्हणाले. त्यांनी सदरा काढला आणि मोरीत जाऊन ते अंगाला साबण लावत बसले.