शेवटच्या तीन ओळी

वकिलीच्या सनदेची परीक्षा टायपिस्टबाई दुसऱ्यांदा नापास झाल्या, तेव्हा कचेरीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. वकीलसाहेब तर म्हणाले, "बाई, बावीस वर्षं माझे कागद टाइप केलेत म्हणून वकिली येते होय? उद्या स्वयंपाकघरातला उंदीर म्हणेल, मी आचारी!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. बाईंनी पुढचा कागद यंत्रात चढवला. बाई कधीच काही बोलत नसत, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

आता एकच संधी उरली होती. नियमच तसा, तीनदा बसा, मग विसरा. नोकरी सांभाळून, पहाटे उठून, चाळिशीत मिळवलेली कायद्याची पदवी नुसती भिंतीवर टांगायची, हे काही बाईंना मान्य नव्हतं.

त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची नक्कल मागवली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. सासूबाईंनी चष्मा चढवला. कायद्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण लाल शाई बरोबर कळत होती.

"अगं, चारही उत्तरांना एकच शेरा मारलाय बघ. 'मत दिलेले नाही.' आणि ही खाली तीन ओळींची जागा कशाला सोडलीस?"

बाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जागा कुणासाठी, तर वकीलसाहेबांसाठी! पक्षकाराला द्यायच्या सल्ल्याचा प्रत्येक कागद कचेरीत त्या अस्साच टाइप करत. हकीकत, कलमं, दोन्ही बाजू, आणि शेवटी तीन ओळी कोऱ्या. तिथं साहेब पेनानं आपलं मत लिहीत आणि सही ठोकत. हाताची ती सवय परीक्षेतही गेली होती. सगळा स्वयंपाक करून मीठ घालायला शेजारणीची वाट बघावी, तसला प्रकार.

"कचेरीतली सवय हो ती," बाई पुटपुटल्या.

"कचेरीचं नाव कशाला पुढं करतेस?" सासूबाई फणकारल्या. "घरात तरी कधी मत दिलंस? रोज विचारते, कोबी करू की बटाटा. तुझं ठरलेलं, 'करा काहीही.' आज सांग बघू."

"काहीही चालेल."

"काहीही नावाची भाजी नसते!"

बाईंचा एकदम बांध फुटला. "कोबी नको! मला कोबी आवडत नाही. कधीच आवडला नाही!"

"अगं बया! मग बावीस वर्षं मुकाट गिळलास?" सासूबाई बघतच राहिल्या. मग दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहाटे बाई कलमं घोकत, आणि एरवी सासूबाई त्यांना गाठून गाठून मत मागत, तेही कारणासकट. शेजारणीचे पडदे? भडक. धाकट्या जावेचं गाणं? न गायलेलं बरं. नवऱ्याच्या मिशा? "माझ्या मते काढाव्यात," असं म्हणून बाईंनी दोन कारणं दिली, आणि बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी खरंच काढल्या.

परीक्षेत पहिलाच प्रश्न एका शिंप्याचा होता. मालकानं त्याच्या भाड्याच्या दुकानाला कुलूप ठोकलं, आता त्यानं काय करावं? बाईंनी हकीकत मांडली, कलमं लावली, दोन्ही बाजू तोलल्या, आणि हात आपोआप तीन ओळी सोडून खाली सरकला. मेला हात! बाईंना स्वतःचाच असा संताप आला की त्यांनी दातओठ खाऊन पेन मागं आणलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'माझ्या मते शिंप्याने लगेच दावा लावावा. तो जिंकेल.' पुढच्या तिन्ही उत्तरांत त्यांनी मत आधी लिहिलं, बाकीचं मागून.

आणि बाई पास झाल्या!

सनद घेऊन त्या सोमवारी कचेरीत आल्या. साहेबांनी "अभिनंदन हं" म्हणत नेहमीसारखे कागद पुढं केले. "एवढं टाइप करा. आपल्या जुन्या पक्षकाराला दावा लावायचाय. शेवटची जागा ठेवा, मी 'लावा' म्हणून लिहितो."

दुपारी साहेब पेन उघडून आले आणि थबकले. तीन ओळी भरलेल्या होत्या. 'माझ्या मते हा दावा लावू नये. मुदत उलटून गेली आहे.'

"हे मी सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं." बाईंनी कागदावरच्या तारखांवर बोट ठेवलं. "तारखा मोजा."

साहेबांनी बोटांवर मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग त्यांनी पेन बाईंकडं सरकवलं. "मत तुमचं, तर खाली माझी सही कशी चालेल?"

त्या जागेखाली बाईंनी बावीस वर्षं साहेबांचं नाव टाइप केलं होतं, आजही केलं होतं. ते त्यांनी खोडलं, आपलं नाव लिहिलं आणि पुढं 'वकील' असंही लिहिलं. पहिलीच सही, अक्षरं जरा वाकडी आली.

"सही काही बरी नाही हो तुमची," साहेब म्हणाले.

"माझ्या मते," वकीलबाई म्हणाल्या, "उत्तम आहे."