काचेतला तौफीक

“हा खिशात मावतो आणि हा मावत नाही. बाकीचा सगळा फरक त्यातूनच निघतो बघ,” सी हमादी म्हणाला आणि त्याने दोन्ही कॅमेरे काउंटरवर मोंजीपुढे शेजारी शेजारी ठेवले. “लग्न कुणाचं आहे?”

“लग्न नाही. आईचा व्हिडिओ काढायचाय.”

“का? आजारी आहे?”

“ती ठणठणीत आहे. तौफीक आजारी आहे.”

सी हमादीने पुसायचा कपडा खाली ठेवला. स्फाक्स शहरातल्या लग्नांचे कॅमेरे भाड्याने जायचे ते त्याच्याच दुकानातून. समोरच्या करकना बेटावर मोंजीचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक पांढरा पडदा आणि एक स्टूल. एकतीस वर्षं तो तिथे पासपोर्टचे फोटो काढत होता. हसू नका, सरळ बघा, कान दिसू द्या. बेटावरची निम्मी माणसं त्या स्टुलावर बसून परदेशी गेली होती. त्याचा धाकटा भाऊ तौफीकही त्याच स्टुलावर बसून गेला होता. त्याला आता बावीस वर्षं झाली.

तौफीक समुद्रापलीकडे मार्सेयला एका बेकरीत पाव भाजायचा. त्याची कागदपत्रं कधी नीट झाली नाहीत. तिथून निघाला की परत जाता येणार नव्हतं, म्हणून तो निघालाच नाही. बाप वारला तेव्हाही नाही. आणि या उन्हाळ्यात त्याने फोनवर सांगितलं होतं, “डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, मोंजी. दाराची चौकट दिसते, पण दार कुणी उघडलं ते दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, आधी चेहरे जातात.” औषधोपचार तिथेच चालू होते, त्यामुळे येण्याचा प्रश्न आता कायमचा मिटला होता.

त्याने एवढंच मागितलं होतं, उम्मीचा, आईचा, चेहरा. शेजाऱ्याने त्याला एक भलामोठा जुना टीव्ही दिला होता. त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसलं की काही काही दिसायचं. “पण फोनवरची उम्मी जवळ गेलं की फुटते रे. नुसते चौकोन होतात. नाक कुठलं आणि डोळा कुठला, पत्ता लागत नाही. इथले लोक सांगतात, फोर-के म्हणून असतं, त्यात कितीही जवळ गेलं तरी माणूस मोडत नाही. तसं काढून पाठव. डोळे आहेत तोवर.”

हे सगळं मोंजीने सी हमादीला दोन वाक्यांत सांगितलं. सी हमादीने मान हलवली आणि लहान कॅमेरा उचलला.

“हे बघ. फोर-के दोघांतही आहे. डब्यावर दोघांच्याही तेच लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. ह्याचं भिंग अंगालाच चिकटलेलं, बदलता येत नाही. आतला चित्र टिपणारा सेन्सर तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. उन्हात छान चित्र देईल. घरात नेलास की दाणे दिसायला लागतील, रवा सांडल्यासारखे. आणि दहा-पंधरा मिनिटांत तापून बंद पडतो.”

“आणि हा?”

“ह्याचा सेन्सर मोठ्या टपाल तिकिटाएवढा. अंधाऱ्या खोलीतसुद्धा बाईच्या पापण्या मोजता येतील. चेहऱ्यासाठी हे भिंग लाव, घरासाठी ते रुंद. पण बदलायचं ते घराच्या आत, दार लावून. तुमच्या बेटावरचं खारं वारं आत शिरलं तर मी तुला माफ करणार नाही. आणि फोकस सांभाळ. नाकावर धरलास तर कान धुरकट होतात.”

“मग मोठाच घेऊ ना?”

“हा बघितला की माणसं दगड होतात रे. मी तीस वर्षं नवऱ्या मुली बघतोय. खिशातला काढला तर मावश्या कुजबुजत राहतात, हा काढला की सगळ्या पोट आत घेतात.” त्याने दोन्ही कॅमेरे एकाच पिशवीत भरले. “दोन्ही ने. तुझी आई ठरवेल काय ते.”

दुपारच्या बोटीत मोंजी ती पिशवी मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईने कोंबड्यांची टोपली सरकवून जागा करून दिली तरी त्याने ती खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने लहान कॅमेरा बाहेर काढला. त्याची आई मब्रूका अंगणात भिंतीच्या सावलीला बसून सातूमधले खडे वेचत होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण तिच्या सुपातून खडा सुटायचा नाही. वर दोरीवर ऑक्टोपस वाळत होते.

“हे काय आणलंस? साबणाची डबी?”

“कॅमेरा आहे, उम्मी. तौफीकसाठी. तू तुझं काम कर.”

“करतेच आहे. तू तुझं कर. ते पोट बघ केवढं सुटलंय. फौजिया तुला जेवायला घालते का पिंपात ओतते?”

“ऐकलं हं मी!” स्वयंपाकघरातून मोंजीची बायको ओरडली.

“ऐकावं म्हणूनच बोलले!” मब्रूका हसली. समोरचे दोन दात नव्हते, तिथे जीभ लावून हसायची तिची सवय होती. मग ती बोलतच सुटली. तौफीक सात वर्षांचा असताना बापाच्या होडीतून पडला आणि पाणी गुडघ्याएवढंच असताना बुडालो, बुडालो म्हणून कसा बोंबलला. मोंजी कसा काठावर उभा राहून हसत होता आणि मग आपणच घाबरून चपलांसकट पाण्यात शिरला. “तू तसलाच. आधी हसायचं आणि मग धावायचं. चपला नव्या होत्या, बापाने तुला...”

कॅमेऱ्याने एक लाल खूण दाखवली आणि तो मिटला. चौदा मिनिटं झाली होती. मोंजीच्या तळहाताला तो भाजलेल्या बटाट्यासारखा लागत होता.

“बापाने मला काय केलं, उम्मी?”

“जाऊ दे आता. विसरले.”

संध्याकाळी त्याने ते स्टुडिओतल्या संगणकावर बघितलं. उन्हातलं अंगण चांगलं आलं होतं. पण भिंतीच्या सावलीत तिच्या गालांवर रवा सांडला होता. सी हमादी खोटं बोलला नव्हता. मोंजीने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, पडद्यापासून वीतभर अंतरावर तोंड नेलं. सावलीतला चेहरा सुटा सुटा झाला.

शुक्रवारी त्याने मोठा कॅमेरा तिवईवर चढवला. खोलीचं दार लावून चेहऱ्याचं भिंग बसवलं. दार उघडल्यावर मब्रूकाने उंबऱ्यातून ते बघितलं आणि ती आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर लोकरीचं लाल वस्त्र होतं, लग्नाच्या वेळचं. खांद्यावर ते अडकवायला चांदीचा काटा लावला होता. डोळ्यांत सुरमा होता. फौजिया चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती तिथेच थबकली.

“कुठे आहे तो?” मब्रूकाने विचारलं.

“कोण?”

“तौफीक. कुठे बघू?”

“इथे. या काचेत बघ.”

ती स्टुलावर बसली आणि तिने त्या काळ्या काचेत बघितलं. मोंजी मागे वाकून लहानशा पडद्यावर तिला बघत होता. पापण्यांचा केस न् केस दिसत होता. हनुवटीवरचं निळं गोंदण, त्याची पुसट झालेली टोकं, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी. तिचे ओठ हलायचे आणि थांबायचे. मग ती बोलली तेव्हा तो आवाज मोंजीला ओळखू आला नाही. या घरात तो आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

“खातोस का रे नीट?”

महिन्यातून एकदा तिला दवाखान्यात मोंजी न्यायचा. तिच्या पायांना तेल तो लावायचा. तिच्याशी रोज भांडायचा तोही तोच. पण असं कुणी आपल्याकडे बघितलेलं त्याला आठवत नव्हतं.

“बरी दिसते का मी?” तिने हळूच विचारलं.

“छान दिसतेस,” मोंजी कॅमेऱ्यामागून म्हणाला.

“तुला नाही विचारलं.”

फौजियाने ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. मोंजी फोकसचं चाक फिरवत राहिला. फिरवायची काही गरज नव्हती.

मार्सेयला निघालेल्या एका शिक्षिकेबरोबर त्याने दोन्ही व्हिडिओ पाठवले. लहान कॅमेऱ्यातला पाठवू की नको, यावर त्याने दोन दिवस घालवले. शेवटी तोही सोबत टाकला, असू दे म्हणून.

नवव्या दिवशी तौफीकचा फोन आला.

“बघितलंस?” मोंजीने विचारलं.

“बघितलं. मोठ्या कॅमेऱ्यातला अख्खा टीव्हीभर. हनुवटीवरचं गोंदण मी विसरलोच होतो रे. सुरमा कशाला घातला तिने?”

“तुझ्यासाठी. माझ्यासाठी कोण घालतंय.”

तौफीक हसला नाही. “मोंजी, खरं सांगू? मी ते एकदाच बघितलं. ती माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघते. खातोस का नीट, म्हणते. मी गेलो त्या दिवशी धक्क्यावर जी उभी होती ना, ती तिथेच उभी आहे अजून. दुसरा, अंगणातला, बघतोय मी रोज.”

“तो फुटतो.”

“फुटतो. आवाज ऐकतो मग. तुला शिव्या देते, पोटावरून बोलते, जीभ लावून हसते. तुझ्याकडे बघते तशी ती माझ्याकडे बघून किती वर्षं झाली. मला ती हवी आहे. आणि न फुटता हवी आहे. जमेल का तुला?”

मोंजीने आयुष्यभर ज्याचा हेवा केला तो माणूस फोनच्या त्या टोकाला बसून मोंजीचा हेवा करत होता.

“बघतो,” तो म्हणाला.

पुढच्या बोटीने तो स्फाक्सला गेला. “मोठा ठेवतो काही महिने,” त्याने सी हमादीला सांगितलं. “तिवई नको.”

“आई दगड नाही झाली?”

“झाली. सवय होईपर्यंत बसतो.”

मग दर शुक्रवारी तो कॅमेरा मांडीवर घेऊन अंगणात बसू लागला. पहिल्या शुक्रवारी तिने लाल वस्त्र नेसलं. दुसऱ्या शुक्रवारी सुरमा घातला, वस्त्र नाही. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाली, “एवढं वजन मांडीवर घेऊन बसतोस, त्यापेक्षा शेजारच्याचं पोर घे.” मोंजी व्हिडिओ काढत नव्हता, नुसता बसत होता, डोळ्याला न लावता. रुंद भिंग लावलं होतं. चौथ्या शुक्रवारी तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. पाचव्या शुक्रवारी ती मासे साफ करत होती, तेव्हा मोंजीने मांडीवरूनच कॅमेरा सुरू केला. एक मासा हातातून निसटून मांजरासमोर पडला आणि मांजर तो घेऊन पळालं, तेव्हा तिने मोंजीला, मांजराला आणि फौजियाला एका दमात अशा काही शिव्या दिल्या की मोंजीचा हात हसून हसून हलला. हललेलं चित्र पडद्यावरही हललेलंच आलं. पण त्यात तिचा चेहरा सावलीतसुद्धा अख्खा होता. मोठा करून, वीतभर अंतरावर जाऊन बघितला. मोडला नाही.

असे चार व्हिडिओ गेले. पहिल्या दोन व्हिडिओंच्या वेळी तौफीकने फोनवर एकेक गोष्ट विचारली. ते मांजर कुठलं, भिंतीला रंग कधी दिला, उम्मीच्या करंगळीला काय झालंय. तिसऱ्याच्या वेळी मासे कुठले होते एवढंच विचारलं. चौथ्याबद्दल तो काहीच बोलला नाही आणि मोंजीनेही विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी फोन आला. मोंजी अंगणाच्या दारातच उभा होता.

“टीव्ही परत देऊन टाकला शेजाऱ्याला,” तौफीक म्हणाला. “उगाच जागा अडवून बसला होता.”

मोंजीने भिंतीला हात टेकला. “बरं केलंस.”

“चालायला येतं मला. कडेकडेने दिसतं. पाव हाताने कळतो भाजलाय का ते.” मग त्याने विचारलं, “काय करतेय ती?”

“बसलीय. तिला देऊ फोन?”

“थोड्या वेळाने दे. आधी तू सांग.”

“सांगितलं ना, बसलीय.”

“असं नाही रे. नीट सांग.”

एकतीस वर्षांत मोंजीने हजारो माणसांना सरळ बघायला सांगितलं होतं. आपल्याला काय दिसतं ते मात्र कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने घसा साफ केला.

“भिंतीला पाठ टेकून बसलीय. डाव्या पायातला जोडा काढून ठेवलाय. ऊन गुडघ्यापर्यंत आलंय. गाजरं चिरतेय, बोटं नारिंगी झालीत. डोक्यावरचा रुमाल मागे सरकलाय. एक बट कानामागे घातलीय.”

“कुठल्या?”

“उजव्या. ती पांढरी नाही रे, पिवळसर आहे. मेंदी उतरत आलीय.”

पलीकडे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तौफीक बसला असावा.

“कुणापाशी लावालाव्या करतोयस माझ्या?” मब्रूकाने गाजरावरची सुरी न थांबवता विचारलं.

“काय म्हणाली?”

“लावालाव्या करतो म्हणते.”

“आणि आता?”

“आता सुरी ठेवली,” मोंजी म्हणाला. “मान वर करतेय.” आणि तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून तो फोन कानाला तसाच धरून तिच्यासमोर उकिडवा बसला.